अंगावर काढलेलं दुखणं

सीटवर बसायचं होतं, आणि व्हिन्सेंटला बसवेना. बसायचं म्हणजे आराम करायचा नव्हता, तेच त्याचं काम होतं. डेट्रॉइटसमोरच्या विंडसरच्या त्या कारखान्यात पिकअप ट्रकच्या सीटा तयार होत आणि लाईनच्या शेवटाला उभा राहून तो त्या तपासत असे. शिवणीवरून हात फिरवायचा, वायर जोडायची, हीटर लावून गादी तापते का ते तळव्याने बघायचं, आणि मधूनमधून एखाद्या सीटवर स्वतः बसायचं. माणूस बसला की समोरच्या पट्टीवर दिवा लागतो. कुणीतरी बसलंय हे सीटला कळतं. पोटापाण्यासाठी लोक काय काय करतात, आपण बसतो, असं तो पूर्वी हसून सांगायचा. त्या सकाळी त्याने गुडघे वाकवले, सीटच्या काठावर हात टेकला आणि तसाच अधांतरी थांबला. खाली काच फुटून पडली आहे आणि आपण तिच्यावर बसणार आहोत, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. दिवा लागेना. मागे सीटा साचायला लागल्या. सुपरवायझर डॅरेल लांबून बघत होता, तो जवळ आला. "यू ओके, विन्स?" व्हिन्सेंट म्हणाला, "बॅक पेन." डॅरेलने मान हलवली, कारण त्या कारखान्यात पाठ न दुखणारा माणूस सापडायचा नाही. पाठ सांगता येते. गुडघा सांगता येतो, दात सांगता येतो, हार्ट तर लोक कौतुकाने सांगतात. माणसाच्या अंगावर एवढीशी एक जागा अशी आहे की तिचं दुखणं सांगायला कुठल्याच भाषेत तोंड उघडत नाही. व्हिन्सेंटने दात आवळले आणि तो बसला. दिवा लागला.

त्या दिवशी पहाटे वॉशरूममध्ये त्याने रक्त पाहिलं होतं. फार नव्हतं, कागदावर एक ताजी लाल रेघ आणि पांढऱ्याशुभ्र भांड्यात दोन-चार थेंब. या देशात सगळंच पांढरं, भांडं पांढरं, टाइल्स पांढऱ्या, खिडकीबाहेरचा बर्फ पांढरा. लाल रंगाला लपायला जागाच नाही. तो उभा राहून बघत राहिला. दुखणं काही आठवड्यांपासून होतं. शौचाला बसलं की आत चिरल्यासारखं व्हायचं, आणि उठल्यावर खरा त्रास सुरू व्हायचा. तासन्‌तास आतला स्नायू पिळून धरल्यासारखी कळ राहायची. हे सगळं त्याने अंगावर काढलं होतं. थंडीने होतं, कमी पाणी पितो म्हणून होतं, कँटीनच्या बर्गरने होतं, असं मनाला सांगून झालं होतं. पण रक्ताला असं सांगता येईना. रक्त पाहिल्याबरोबर त्याला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर वसईजवळच्या भुईगावच्या वाडीतली विहीर, आणि विहिरीमागे केळींच्या गर्दीत बराच वेळ गेलेला बाप.

बाबांना मूळव्याध होती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणजे कुणीच ते बोलत नव्हतं. हातात डबा घेऊन बाबा विहिरीमागे जायचे आणि खूप वेळाने भिंतीला धरून यायचे. आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची आणि ते पाणी मोरीत न ओतता केळीच्या बुंध्याशी ओतायची. पाणी तांबूस असायचं. उपाय सांगणारे ढीगभर. कुणी सुरण सांगे, कुणी ताक, कुणी रात्री भिजवलेले अंजीर. एका नातलगाने मूळव्याधीची अंगठी आणून दिली, राखाडी रंगाची, ती घातली की रक्त थांबतं म्हणे. बाबा चर्चमध्ये फादरसमोर कम्युनियनचा प्रसाद घ्यायला जाताना ती खिशात टाकायचे आणि परत येताना बोटात घालायचे. शेवटच्या वर्षी ती बोटातून निसटायला लागली, तेव्हा त्यांनी आतून दोरा गुंडाळला. व्हिन्सेंट तेव्हा आयटीआय करत होता. एकदा त्याने धीर करून म्हटलं होतं, बाबा, वसईला मोठ्या डॉक्टरला दाखवू या. बाबा केळीचा घड उतरवत होते, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "त्यात काय दाखवायचं? मूळव्याध तर आहे." ती मूळव्याध नव्हती. कॅन्सर होता, गुदाशयाचा, आणि जेव्हा मुंबईच्या डॉक्टरने बोट घालून पाहिलं तेव्हा त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं ती दोन मिनिटं कुणी बाबांकडे हट्टाने मागितलीच नव्हती. व्हिन्सेंट आता बाबांच्या त्या वयाला पोचत आला होता.

म्हणून डॉक्टरकडे जायचं नाही, हे त्याने ठरवून टाकलं. शहाण्या माणसाने याच्या नेमकं उलटं केलं असतं. पण न पाहिलेल्या गोष्टीला नाव नसतं आणि नाव नाही तोवर ती झाली असंही म्हणता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. औषधाच्या दुकानातून त्याने मूळव्याधीचं मलम आणलं, तेही घराजवळच्या दुकानातून नाही, पार टेकम्सेपर्यंत गाडी घालून, आणि सोबत उगाच टूथपेस्ट आणि गाडीच्या काचेचं पाणी घेतलं. मलमाने काही झालं नाही. मलम लागू पडत नाही याचा अर्थ मूळव्याध नाही, आणि मूळव्याध नाही म्हणजे काय, ते विहिरीमागे उभंच होतं. घरात सांगायचं तर अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर. जावई अजून नव्हता, पण मुलगी बियांका हॅमिल्टनला नर्सिंग शिकत होती, आणि बायको ग्लेन्डा वृद्धाश्रमात पीएसडब्ल्यू, म्हणजे दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, धुणं. घरात दोन जाणत्या बायका, त्यामुळे तोंड बंद ठेवणं दुप्पट गरजेचं. ग्लेन्डा पूर्वी कामावरचं काही सांगायला लागली की तो म्हणायचा, जेवताना नको. मग ती जेवल्यानंतरही सांगेनाशी झाली होती.

उपाय एकच उरला, तो म्हणजे शौचाला जायलाच नको. त्यासाठी खायलाच नको. आणि नशीब असं की राखेचा बुधवार आला, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. त्या वर्षी तो नेमका व्हॅलेंटाईन डेला आला होता. कारखान्यातल्या पोरी लाल गुलाब घेऊन हिंडत होत्या आणि व्हिन्सेंट कपाळावर राखेचा क्रूस घेऊन उभा होता. संध्याकाळी त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, "यंदा मी चाळीस दिवस कडक पाळणार आहे." ग्लेन्डाच्या हातात डाव तसाच राहिला. हा माणूस आजवर शुक्रवारी मटण सोडताना कुरकुरायचा. तिच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. सकाळी काळा चहा, दुपारी एक टोस्ट, रात्री पेज. दोन दिवस, तीन दिवस वॉशरूमकडे फिरकायचं नाही. चौथ्या दिवशी जावंच लागे, आणि मग ते दगडासारखं खाली येताना तो बेसिनचा काठ धरून, तोंडात टॉवेल कोंबून बसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आपण खात नाही म्हणूनच ते कठीण होतं आहे, हे त्याला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं. पण भ्यालेल्या माणसाला समजून काही उपयोग नसतो. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पंखा लावून ठेवलेला, नळ सोडलेला. नळाच्या आवाजात तो येशूचं नाव घेत असे, आणि ते बाकी खरं होतं.

विंडसरमध्ये वसईची पाच-सहा घरं होती. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी ती आळीपाळीने एकेकाच्या घरी जमून मराठीतून क्रूसाची वाट करीत. बेसमेंटमध्ये भिंतीवर येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीची चौदा चित्रं लावायची, एकेका चित्रापुढे गुडघे टेकायचे, मध्ये बसून चिंतन करायचं. व्हिन्सेंट बसत नसे. पूर्ण वेळ उभा. गुडघे टेकून उठताना त्याच्या कपाळावर घाम येई आणि डोळ्यांतून पाणी. केनेथने ते पाहिलं. केनेथ हा त्याचा गाववाला, मनाने चांगला, पण पोटात काही राहत नाही असा. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "लुक ॲट व्हिन्सेंट, मॅन! आपण सोफ्यावर बसून प्रायश्चित्त करतो. हा माणूस उभा राहून रडतो. किती वेट लूज केलाय बघा. धिस इज फेथ." बायकांनी ग्लेन्डाकडे कौतुकाने पाहिलं. एक म्हणाली, "आणि ग्लेन्डा पण बारीक झालीये हं. दोघं मिळून करतायत." ग्लेन्डा नुसती हसली. व्हिन्सेंटने तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. मेणबत्तीवर धरलेल्या हाताच्या बोटातली लग्नाची अंगठी सैल झाली होती, आणि तिने आतून पांढरा दोरा गुंडाळला होता. आपण खोटा उपास करतो आहोत आणि ही बिचारी त्या खोट्यापायी खरा उपास करते आहे. पहिलं पतन, दुसरं पतन, तिसरं पतन. येशूला निदान पडायची मुभा होती. त्याला वाटलं इथेच सगळ्यांसमोर सांगून टाकावं, बाबांनो, हे सगळं ढुंगणाचं दुखणं आहे. कुणीतरी पुढची प्रार्थना सुरू केली आणि तो इतरांबरोबर तीच म्हणू लागला.

घरी परतताना नदीच्या कडेने गाडी चालली होती. पलीकडे डेट्रॉइटचे दिवे, पाण्यावर बर्फाचे तुकडे. तो एका बाजूला कलून, एका मांडीवर भार देऊन चालवत होता. सीटचा हीटर त्याने पूर्ण लावला होता. ऊब लागली की कळ थोडी सैल व्हायची. जगात तेवढं एकच औषध त्याला स्वतःचं स्वतःला सापडलं होतं. "तुला इतकी थंडी का वाजते हल्ली?" ग्लेन्डाने विचारलं. तो म्हणाला, उपासाने. ती म्हणाली, "मला पण वाजते." त्याला तिचा हात धरावासा वाटला. धरला असता तर अंगठी हाताला लागली असती, म्हणून त्याने स्टिअरिंगच धरून ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकाच बिछान्यात, एकाच पांघरुणात, आणि दोघांच्या मध्ये ही एवढीशी जागा, तिला नाव नाही. आई बाबांचे कपडे धुवायची. आईने तरी बाबांना कधी विचारलं असेल का? की ती पाणी केळीला घालून मोकळी होत असे? त्या बुंध्याची केळी मात्र चांगली मोठी यायची, हे त्याला उगीचच आठवलं.

ईस्टर एक एप्रिलला आला. लोकांना फसवायचा दिवस, आणि व्हिन्सेंटकडे फसवायला आता काही उरलं नव्हतं. प्रायश्चित्तकाळ संपला होता. ग्लेन्डाने पोर्कचं इंद्याल केलं होतं, बियांका घरी आली होती, केनेथचं कुटुंब जेवायला होतं, आणि चाळीस दिवस उपास केलेल्या माणसाच्या ताटात प्रत्येकाने आपल्या हाताने वाढलं. तो जेवला. न जेवून सांगणार काय? "डॅड, यू लुक लाइक अ घोस्ट," बियांका म्हणाली, "प्लीज सी समवन, ओके?" तो म्हणाला, "आता खायला लागलो ना, होईल नीट." मंगळवारी सकाळी तो वॉशरूममधून बाहेर आला तो भिंतीला धरून. हॉलमध्ये आरसा होता. त्या आरशात व्हिन्सेंट नव्हता, डबा हातात घेतलेले बाबा होते, तीच मान, तोच भिंतीवरचा हात. त्याने डॅरेलला फोन केला आणि कामावर न जाता गाडी वॉक-इन क्लिनिककडे वळवली. धैर्य वगैरे काही नव्हतं. मरायचंच आहे तर निदान बसून मरावं, इतकाच विचार होता.

डॉक्टर तरुण होती, पंजाबी आडनावाची, बियांकापेक्षा फार मोठी नसावी. तिला पाहताच त्याला वाटलं उठून जावं. त्याने पाठ सांगितली. तिने पाठीबद्दल दोन प्रश्न विचारले, मग तो खुर्चीच्या काठावर कसा कलून बसला आहे ते पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "इज इट पेनफुल व्हेन यू गो टु द वॉशरूम?" इतकं सोपं वाक्य. त्याने सगळं सांगितलं, रक्त, काच, टॉवेल. बाबांचंही सांगितलं, जे त्याने ग्लेन्डालाही कधी पुरतं सांगितलं नव्हतं. कुशीवर भिंतीकडे तोंड करून झोपल्यावर त्याने डोळे मिटले. गार हवा लागली. तिने नुसतं अलगद बाजूला करून पाहिलं, बोट घातलं नाही, दुखेल म्हणाली. दोन मिनिटंही लागली नाहीत. "दॅट्स अ फिशर," ती म्हणाली, म्हणजे चीर. कडक शौचाने कातडी फाटते, मग दुखण्याने आतला स्नायू आवळून बसतो, आवळला की रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरत नाही, आणि माणूस भीतीने जायचं टाळतो, की पुन्हा कडक. मूळव्याध सहसा दुखत नाही, नुसतं रक्त जातं, म्हणून ते मलम लागू पडलं नाही. स्नायू सैल करणारं वेगळं मलम ती लिहून देत होती, ते फार्मसीत मुद्दाम बनवून घ्यावं लागेल, थोडं डोकं दुखेल. इसबगोल, भरपूर पाणी, पोटभर जेवण, आणि दिवसातून दोन-तीनदा सोसेल इतक्या गरम पाण्यात बसायचं. बरेचजण एवढ्यानेच बरे होतात. "तुमच्यासारखे रोज येतात," ती म्हणाली. रोज! म्हणजे या गावात रस्त्यावरून, चर्चमधून, कारखान्यातून माणसं ही कळ घेऊन हिंडत होती आणि सगळ्यांची पाठ दुखत होती.

"पण तुमचं वय, आणि तुमचे वडील," ती पुढे म्हणाली, "म्हणून जखम भरली की कोलोनोस्कोपी करून घेऊ, दुर्बिणीने आतडं आतून बघू. मला काळजीचं वाटत नाही. पण रक्त जात असलं की मूळव्याधच आहे असं धरून चालायचं नाही, एकदा पाहून घ्यायचं." गुंगी देतात, त्यामुळे त्या दिवशी घरी न्यायला सोबत कुणीतरी लागेल. कोण येईल? क्षणभर त्याच्या मनात केनेथचं नाव आलं, आणि केनेथने ते भर बेसमेंटमध्ये कसं सांगितलं असतं तेही. मग तो म्हणाला, "माय वाइफ." गाडीत बसल्यावर तो रडला. दुखत होतं तसंच होतं, पण ती एक चीर होती, नखाएवढी. बाबा, नखाएवढी चीर आहे, तो मोठ्याने म्हणाला. पार्किंगमधला बर्फ विरघळून काळं पाणी वाहत होतं आणि त्याला भूक लागली होती.

ग्लेन्डा दुपारी कामावरून आली तेव्हा तो किचनच्या ओट्याला टेकून उभाच होता. त्याने एका दमात सांगितलं. उपास खोटा होता हे आधी, आणि दुखणं नंतर. ती कोट न काढता ऐकत होती. रागावेल असं त्याला वाटलं, किंवा हसेल. कोट खुर्चीवर टाकून ती बेसमेंटमध्ये गेली आणि निळं प्लॅस्टिकचं टब घेऊन आली. ते टब त्याने अनेकदा वॉशिंग मशीनमागे उभं केलेलं पाहिलं होतं, आणि ते मोजे भिजवायचं असेल असं धरून तो चालला होता. तिने ते बाथटबमध्ये ठेवलं, नळ सोडला, कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. "बस. एकदम नको बसू, हळूहळू. अंग सैल सोड." ज्या सफाईने तिने हे केलं, ती त्याला वृद्धाश्रमातली सवय वाटली. तो बसला. पाण्याची ऊब खालून वर चढली, आवळलेली मूठ कुणीतरी एकेक बोट करून उघडावी तशी कळ सुटत गेली, आणि कित्येक आठवड्यांनी त्याचं संपूर्ण वजन कशावर तरी टेकलं. त्याने डोळे मिटले.

"हे टब कामावरून आणलंस?"

"नाही. माझंच आहे."

"तुझं?"

"बियांका झाली तेव्हापासून." ती टॉवेलची घडी घालत होती. "डिलिव्हरीनंतर सुरू झालं. तेव्हा पाण्यात बसलं की थांबायचं. हल्ली फारसं थांबत नाही."

"काय थांबत नाही?"

"रक्त."

त्याने डोळे उघडले. बाथरूममध्ये वाफ भरली होती. वाफेत ग्लेन्डा उभी होती आणि तिचे कॉलरमधले गळ्याचे खळगे दिसत होते. "दुखतं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "नाही. दुखत काहीच नाही, म्हणून तर काही वाटत नाही. नुसतं जातं. थोडा थकवा येतो."

"उपासाने तू किती बारीक झालीस," तो म्हणाला. त्याला दुसरं काहीतरी विचारायचं होतं, पण आधी हे तोंडातून निघालं, जणू ती हो म्हणाली तर सगळं तिथल्या तिथे मिटेल.

"मी कुठे उपास केला?" ग्लेन्डा म्हणाली. "कामावर उभं राहायचं तर खायला नको? तुझ्या ताटातलं उरलेलंसुद्धा मीच संपवत होते."

तिने टॉवेल त्याच्या हाताशी ठेवला. अंगठी बोटाच्या पेरापर्यंत घसरली होती. दोरा आता मळून करडा झाला होता आणि त्यावर आणखी एक, नवा, गुंडाळलेला होता. चाळीस दिवस समोरासमोर बसून त्याने तिचं ताट एकदाही पाहिलं नव्हतं. तो आपल्याच नखाएवढ्या चिरेत बसला होता.

"ग्लेन्डा, कुणाला दाखवलंस कधी?"

"त्यात काय दाखवायचं?" ती म्हणाली. "मूळव्याध तर आहे."

पाणी त्याच्याभोवती हललं. त्याला उठायचं होतं, ओले पाय तसेच जमिनीवर टेकून गाडीची चावी शोधायची होती. त्याने तिचं मनगट धरलं. ते त्याच्या मुठीत पुरं मावलं, आणि त्याला इतकी भीती वाटली की स्वतःसाठी इतके दिवस वाटलेली भीती तिच्यापुढे काहीच नव्हती.

"उद्या सकाळी तू माझ्याबरोबर यायचं. बाई डॉक्टर आहे. दोन मिनिटं लागतात."

"उद्या मॉर्निंग शिफ्ट आहे माझी."

"शिफ्ट राहू दे."

"अरे, असं एकदम कसं? पुढच्या आठवड्यात बघू."

"उद्या," तो म्हणाला. "उद्या, ग्लेन्डा."

तिने मनगट सोडवून घेतलं. मग तोच हात पाण्यात बुडवला, दुसऱ्या हाताने अंगठी सावरली, आणि म्हणाली, "पाणी गार होतंय. आणखी घालू का?"